सातवर उठलेला माणूस

नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं की दोन-तीन आठवड्यांनी बायका हमखास म्हणतात, "दारू सुटली, पण राग वाढला." खोटं नसतं ते. हाताची थरथर, घाम, उडालेली झोप हे पहिल्या काही दिवसांत औषधांनी आवरतं. चिडचिड पुढे कित्येक आठवडे रेंगाळते. त्यात वर्षानुवर्षांची सवय अशी की राग आला की प्यायची, आणि प्यायलं की उरलासुरला ताबाही जायचा. आता बाटली नाही आणि राग तिथंच.

म्हणून आमच्याकडे रागाचा वेगळा गट चालतो. एक ते दहा अशी पट्टी आखायची आणि रोजचा राग तिच्यावर मांडायचा. अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेने २००२ साली व्यसनी रुग्णांसाठी बारा सत्रांची पुस्तिका काढली होती, तिच्यात ही पट्टी आहे.

या गटात भाजीचा टेम्पो चालवणारे एक दादा होते. त्यांच्या वहीत आकडे दोनच, एक आणि दहा. "मॅडम, मधलं काही नसतंच. डायरेक्ट." मग मी रागाबद्दल विचारणं सोडलं आणि अंगाबद्दल विचारत राहिले. बऱ्याच खटपटीनंतर निघालं, "कान तापतात." कान म्हणजे सात, असं आम्ही ठरवून टाकलं. माणूस पहाटे तीनला यार्डात गाडी लावणार आणि दुपारी दोनपर्यंत चहावर राहणार. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट. त्याच्या मीटिंगांत भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांपासून जपायला सांगतात. यांच्याकडे भूक आणि थकवा रोज दुपारी जोडीनेच यायचे. सातवर पोचलं की उठायचं, बाहेर जायचं, शांत होऊन परत यायचं, हे त्यांनी घोकून ठेवलं होतं.

कुटुंबाच्या भेटीच्या दिवशी वहिनी आल्या, सोबत दहाएक वर्षांचा मुलगा. आधी मी वहिनींशी एकट्याच बोलले. हात उचलतात का, घरी आले तर भीती वाटेल का, हे नवऱ्यासमोर विचारायचंच नसतं. उत्तर 'हो' आलं तर एकत्र बैठक होत नाही, आधी तिच्या सुरक्षिततेचं बघावं लागतं. "हात नाही," त्या म्हणाल्या, "भांडी."

मग तिघंही समोर बसले. टेम्पोचे दोन हप्ते थकलेत आणि एक दिराकडून घेऊन भरला, हे वहिनींनी सांगितलं मात्र, दादांचे कान लाल झालेले मलाही दिसले. ते म्हणाले, "सात," आणि उठून चालू लागले. अगदी शिकवल्याबरहुकूम.

मी मनात खूश, आणि इकडे वहिनी पिशवी छातीशी धरून उभ्या. "बघितलंत? अस्सेच जातात. आता पिऊनच येणार." मुलगा कुणी न सांगता उठला आणि दाराला कडी लावून आला.

त्या घरात बाप उठून गेला याचा एकच अर्थ होता. सात म्हणजे काय, हे तिथं कुणाला माहीत असणार? माणूस रागावर काम करत असतो आणि घरच्यांना दिसते ती जुनीच पाठ.

दहा मिनिटांनी दादा आले. दार बंद. त्यांनी कडी वाजवली, थांबले, पुन्हा वाजवली. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि दार उघडलं.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. उठण्याआधी 'येतो' म्हणायचं. अर्ध्या तासात परत. चालायचं ते देवळाच्या बाजूला. स्टँडच्या बाजूला नाही, तिकडे गुत्ता आहे. फोन चालू ठेवायचा. आल्यावर अर्धं राहिलेलं बोलणं पुरं करायचं. हे शेवटचं वहिनींनी हट्टाने घालायला लावलं. "नाहीतर हप्त्यांचं बोलणं कायमचं बाहेरच फिरत बसेल." मला ते फार पटलं. काहीजण या उठण्याची पळवाट करतात, आणि ते आम्हालाही उशिरा कळतं.

सह्या करताना वहिनी थांबल्या. "आणि माझे कान तापले तर? मी पण जाणार बाहेर."

दादा गोंधळले. "मग कुकर?"

"तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायचा," त्या म्हणाल्या. "लिहा मॅडम, तेही लिहा."