शारीरिक शिक्षणाचा रकाना

परवा दुपारी आईचा फोन आला, काय करतेस विचारलं, मी म्हटलं टेबल जोडतेय. तर म्हणाली, "अगं मग सुतार बोलाव ना, हाताला लागेल कुठेतरी." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगायला गेले असते तर फार लांबलं असतं, की मी हौसेने एक मॅन पेज फॉरमॅटर लिहिलाय, म्हणजे युनिक्सच्या कॉम्प्युटरवरची माहितीची पानं स्क्रीनवर नीट मांडून दाखवणारा प्रोग्राम, ग्रॉफ आणि मॅनडॉक असे दोन चांगले आधीपासून असताना, आणि माझ्या प्रोग्रामला टेबलं, म्हणजे तक्ते, कळत नाहीत, आणि आता सगळी दुपार त्यातच जाणार आहे.

झालं असं की त्याच दिवशी मी आस्कीचं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या अक्षरांना दिलेल्या क्रमांकांचं, मॅन पेज उघडलं. तिथे माणूस तक्ता बघायलाच जातो, दुसरं काय आहे त्यात. आणि माझ्या फॉरमॅटरने सगळे ऑक्टल, डेसिमल, हेक्स (आठ, दहा आणि सोळाच्या पायातले) आकडे एका परिच्छेदात ओतले होते, ओळी भरून, समास सांभाळून, आकड्यांचा निबंध म्हणून वाचायला काही वाईट नव्हता. निबंधाच्या सुरुवातीला मात्र एल एल एल एल अशी बोबडी अक्षरं आणि शेवटी एक टिंब. म्हणजे तक्ता कसा आखायचा ते सांगणारी ओळसुद्धा मी मजकूर समजून छापली होती. एल म्हणजे डावीकडे, आर उजवीकडे, सी मध्ये, एन म्हणजे आकडे. वाढप्याला दिलेली यादी त्याने पंगतीत मोठ्याने वाचून दाखवावी तसं झालं.

ही भाषा माइक लेस्क यांच्या टीबीएलची, म्हणजे तक्ते आखणाऱ्या प्रोग्रामची. सत्तरच्या दशकात बेल लॅब्समध्ये त्यांनी तो प्रोग्राम लिहिला, आणि 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर त्याची माहितीपुस्तिका होती. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की तो स्वतः काहीच मोजत नाही. शब्द किती रुंद आहे हे त्याला माहीतच नसतं, तो पुढे पान जुळवणाऱ्या ट्रॉफ नावाच्या प्रोग्रामला नुसती एक लांबलचक चिठ्ठी लिहितो की बाबा ट्रॉफ, हा शब्द मोज, मग तो मोज, दोघांतला मोठा लक्षात ठेव, आणि चिठ्ठी पुढे सरकवून मोकळा होतो. आमच्याकडे लग्नकार्यात असे एक काका असतात. माझ्या फॉरमॅटरमध्ये चिठ्ठी द्यायला पुढे कोणी नाही, मोजायचंही मलाच आणि वाढायचंही मलाच.

आणि मी पहिल्यांदा नेमकं तेच केलं जे चौथीत केलं होतं. आधी रेघा मारल्या.

पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर शाळेचं वेळापत्रक करायचं होतं. मला रेघा मारायची भारी हौस, पट्टी दाबून धरायची आणि पेन्सिल सर्रकन ओढायची, तो आवाज तर फारच आवडायचा, आणि नंतर त्यावरून स्केचपेन फिरवायचं म्हणजे खोडता येऊ नये. सगळे रकाने सारखे. मग लिहायला घेतलं. गणित बसलं, मराठी बसलं, इतिहास जरा अंग चोरून बसला. मग आलं शारीरिक शिक्षण. 'शारीरि'लाच रकाना संपला, क रेघेवर चढवला, शिक्षण खालच्या ओळीत घेतलं तर ते बुधवारात घुसलं. मधली सुट्टी मात्र थाटात लिहिली होती, उभी, एका अक्षराखाली एक, म, ध, ली, सु, ट्टी, पण अक्षरं पाच आणि वार सहा, म्हणून शनिवारसमोर एक घर उरलं, तिथे मी फूल काढलं. (टीबीएलमध्ये असा उभा रकाना टोपीच्या चिन्हाने करतात. फुलाची सोय नाही.)

संध्याकाळी बाबांनी पुठ्ठा बघितला, काही बोलले नाहीत. दुसरा पुठ्ठा घेतला आणि पेन्सिल हातात घ्यायच्या आधी नुसतं बोट हवेत टेकवत गेले, शा, री, रि, क, शि, क्ष, ण. सात. मग पट्टी ठेवली. मला तेव्हा ते फार कंटाळवाणं वाटलं होतं, कारण रेघ मारायची मजाच शेवटी ढकलली जात होती.

असो. तर प्रोग्राममध्येही शेवटी तेच करावं लागलं, पहिल्या फेरीत सगळ्या ओळी नुसत्या वाचून ठेवायच्या, प्रत्येक रकान्यातलं सगळ्यात लांब काय ते बघायचं, दुसऱ्या फेरीत छापायचं. जुना टीबीएल रुंदी ठरवायला फक्त पहिल्या 200 ओळी बघायचा, दोनशे एकाव्या ओळीत तुमचं शारीरिक शिक्षण आलं तर तुमचं नशीब. ग्रॉफबरोबर येणारा नवा टीबीएल सगळ्या बघतो, आणि तसं त्याच्या मॅन पेजमध्ये थोडं मिरवून लिहिलेलंही आहे.

हे जमलं तेव्हा वाटलं झालं काम. मग टिंबाने छळलं.

ट्रॉफच्या जगात ओळीच्या सुरुवातीला टिंब आलं की ती आज्ञा. तक्ता सुरू होतो तोही टिंब टीएसने, संपतो टिंब टीईने. आखणीच्या शेवटच्या ओळीच्या टोकाला टिंब, म्हणजे आता आखणी संपली, माल येऊ दे. आणि आकड्यांच्या रकान्यात टिंब म्हणजे दशांश चिन्ह, सगळे आकडे त्या टिंबाखाली टिंब असे उभे करायचे. तीन कामं आणि ठिपका तोच. मी एकदा आखणीचं टिंब द्यायला विसरले तर फॉरमॅटर पुढचा सगळा डेटा आखणी समजून वाचत सुटला आणि 'न' म्हणजे कुठल्या बाजूला असं मलाच विचारायला लागला. नंतर एका तक्त्यातून एक आख्खी ओळच गायब. अर्धा तास शोधत होते, मेमरीत बघ, लूपमध्ये एक कमी मोजलं का बघ, शेवटी कळलं की त्या ओळीची सुरुवात होती टिंब पाच अशी. शून्य न लिहिता, नुसतं टिंब पाच. माझ्या प्रोग्रामला वाटलं पाच नावाची कुठलीतरी आज्ञा आहे, आपल्याला माहीत नाही, सोडून द्या. लेस्कनी नियम लिहून ठेवलाय की टिंबानंतर आकडा असेल तर तो मजकूर समजायचा, मी तो वाचलाही होता. वाचलं आणि कळलं यात माझ्या बाबतीत साधारण अर्धा तास असतो.

आकड्यांच्या रकान्याचे नियम तर वाचत बसावेसे आहेत. 4.2 आणि 749.12 सरळच, 13 असेल तर शेवटच्या आकड्याच्या पुढे टिंब आहे असं मानायचं. 26.4.12 असं काही असेल तर सगळ्यात उजवं टिंब धरायचं. आणि आकड्यांच्या रकान्यात कोणी नुसतंच 'नाही' लिहिलं तर त्याला मध्ये बसवायचं. ज्याच्याकडे मोजण्यासारखं काहीच नाही त्याला मध्यभागी जागा, हे मला का कोण जाणे फार बरं वाटलं.

तक्त्याच्या एका घरात आख्खा परिच्छेद असेल तर वेगळीच गंमत. रुंदी सांगितली नसेल तर ओळीची लांबी भागिले रकान्यांची संख्या अधिक एक, असा टीबीएलचा हिशोब. मी ओळ 78 घरांची, म्हणजे 78 अक्षरांच्या जागेची, धरते, रकाने तीन असले तर 78 भागिले 4, साडेएकोणीस. कागदावर ठीक आहे हो, टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर, अर्धं घर कुठून आणू. एकोणीस केले.

उभ्या रेघांबद्दल माझं एक मत आहे, कोणी विचारलेलं नाही. बहुतेक तक्त्यांना त्या लागतच नाहीत. रकान्यांमध्ये तीन घरं मोकळी सोडली, टीबीएल तशी सोडतोच, की डोळा आपोआप खाली उतरतो. पण ऑलबॉक्स नावाचा एक पर्याय आहे, प्रत्येक घराला चारही बाजूंनी कुंपण, आणि तो वापरणारे लोक आहेत, म्हणून मलाही अधिकची आणि वजाबाकीची चिन्हं जोडून ती कुंपणं घालावी लागली. घालताना पेन्सिलीचा तो सर्रकन आवाज आठवला हे मात्र मान्य करते.

संध्याकाळी आस्कीचा तक्ता दिमाखात आला. मग मला दुर्बुद्धी सुचली. टेस्ट म्हणून चौथीचं वेळापत्रक टाकलं, ऑलबॉक्ससकट.

शारीरिक शिक्षण असलेला रकाना एवढा फुगला की शेवटचे दोन तास स्क्रीनबाहेर. मी बाइट मोजत होते, म्हणजे अक्षरं साठवायला कॉम्प्युटरला किती जागा लागते ते. बोटावर सात असलेले ते दोन शब्द यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत मधल्या जागेसकट 40 बाइट भरतात. ते सुधारून कोडपॉइंट, म्हणजे क्रमांक असलेली सुटी चिन्हं, मोजले, 14 आले, काना, वेलांट्या, पाय मोडल्याचं चिन्ह सगळं सुटं धरून. टेबल आटोक्यात आलं. गणित, मराठी, इतिहास सगळ्यांच्या रेघा एका खाली एक. फक्त शारीरिक शिक्षणापुढची रेघ एक घर आत. माझं टर्मिनल कान्याला आणि वेलांटीला वेगळं घर देतं, पण क्ष मधल्या त्या पाय मोडणाऱ्या चिन्हाला देत नाही, त्याच्या मते तेरा, माझ्या मते चौदा. अशा चिन्हांची रुंदी शून्य धरायची, त्यासाठी तयार फंक्शन आहे, लावायला फार तर दहा मिनिटं.

मी टेस्टच्या फाइलमध्ये 'शा. शि.' लिहिलं. टिंबं दोन, पण एकही ओळीच्या सुरुवातीला नाही आणि एकही आकड्याशेजारी नाही. रेघ सरळ आली. मग आईला फोन केला, टेबल झालं म्हणून.