ओठ मिटले की नाही?

न्यू जर्सीत बसून मी जुन्या टीव्ही कार्यक्रमांच्या कॅप्शन्स लिहिते. भाषांतर नव्हे, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी इंग्रजीचंच इंग्रजी. एका ओळीत ३२ अक्षरं, मोकळ्या जागांसकट. गाण्याच्या आधी-नंतर सुराचं चिन्ह. ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतली, विनोदी गाणी जीव खातात. हशा यमकावर असतो, आणि यमक पडद्यावर अर्धा सेकंद आधी उमटलं की मेला तो हशा. एकेक ओळ कुठे तोडायची यात माझी दहा-दहा मिनिटं जातात. त्याचे पैसे कोणी देत नाही.

मागे १९५०च्या दशकातल्या एका करमणुकीच्या कार्यक्रमाचं काम आलं. किनेस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून केलेली नक्कल. चित्र धुरकट, आवाज डब्यातून आल्यासारखा. पण बरंचसं तेवढंच उरलंय. १९५७ची टीव्हीवरची संगीतिका 'सिंड्रेला' रंगीत प्रक्षेपित झाली, दहा कोटींवर लोकांनी पाहिली, आणि आज आपल्या हाती आहे ती अशीच कृष्णधवल.

गाणं ब्रॉडवेचा गीतकार-संगीतकार कोल पोर्टरचं, १९३४च्या 'एनीथिंग गोज' या संगीत नाटकातलं 'आय गेट अ किक आउट ऑफ यू'. त्यातल्या एका ओळीच्या शेवटी कोकेन येतं. १९३६च्या चित्रपटात सेन्सॉरपायी तिथे स्पेनचं अत्तर आलं. आणखी एक सोवळा पाठ आहे, 'रिफ्रेन'वर (धृपदावर) संपणारा. आमच्या प्रतीत नेमकी तीच ओळ खरखरीत बुडालेली. शेवटचा 'एन' तेवढा ऐकू येतो, आणि कोकेन, स्पेन, रिफ्रेन, तिन्ही त्यावरच संपतात! लगेच हशा. ग्राहकाने दिलेल्या छापील कागदावर कोकेन होतं. मी कोकेन लिहिलं आणि पुढे गेले.

आमची तपासनीस लहानपणापासून बहिरी आहे. तासाभरात तिचा निरोप आला, "शेवटच्या शब्दाला बाईचे ओठ मिटतात. कोकेनला मिटत नाहीत."

मी एकेक फ्रेम सरकवत पाहिलं. दोन फ्रेम ओठ घट्ट. दात ओठावर टेकले असते तर रिफ्रेन. हे तर स्पेनमधलं 'प'. कंठ्य 'क', ओष्ठ्य 'प', हे शाळेत बाईंनी घोकून घेतलं होतं, ते पोटापाण्याच्या कामाला यायला तीस वर्षं लागली. शिवाय मला ऐकू येतं म्हणून मी ओठांकडे पाहिलंच नव्हतं.

दुरुस्ती कळवली. संयोजक म्हणाले, छापील शब्दांना मंजुरी आहे, हात लावू नकोस. कागदावर या माणसाची फार श्रद्धा. फिल्म त्याने पाहिलीसुद्धा नसावी. फाइल कोकेनसकट गेली. टीव्हीवर जे म्हणायचं त्या गायिकेने टाळलं, ते मी तिच्या तोंडी घातलं.

संध्याकाळी तपासनिसाने विचारलं, "पण अत्तरावर लोक हसले का?"

मी लिहिलं, माझ्या मते सभागृहाला मूळ शब्द पाठ असणार. तो गिळून तिने साळसूदपणे स्पेन म्हटलं, म्हणून हसले.

"मग माझ्या पडद्यावर तेव्हा काय दिसायला हवं होतं?"

तिला अजून उत्तर पाठवलेलं नाही.