स्टार्टरच्या पेटीवरचा नंबर

आमच्या शिवारात ओलिताची विहीर असलेल्या बहुतेक वावरांत माझा नंबर लिहिलेला आहे. स्टार्टरच्या पेटीचं दार उघडलं की आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटने काढलेले १० आकडे दिसतात. आर्णी तालुक्यात मी मोटारी भरतो. जळालेली मोटार खोलायची, जुनी तार काढायची, नवी कॉइल भरायची आणि विहिरीवर नेऊन बसवून द्यायची. मोटारीने पाणी ओढलं की मी खिशातून ब्रश काढतो आणि पेटीवर नंबर टाकतो. २००९ पासून हेच चालू आहे. आता किती पेट्या झाल्या ते मोजलं नाही, पण आजूबाजूच्या वीसेक गावांत त्या पसरल्या आहेत.

हे आधी सांगतो, कारण ‘रेंज नाही तर नवं सिम घे ना’ असं मला ज्याने त्याने सांगितलं. नवं सिम दुकानात मिळतं. पेट्यांवरचा नंबर कोण पुसणार?

रेंजचा त्रास जुनाच. गावात बरी असायची, वावरात उतरलं की जायची, आणि माझा अर्धा दिवस तर वावरातच जातो. २०२३ च्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याची ५ एचपीची मोटार जळाली. हरभरा फुलावर यायचा होता, पाण्याची एक पाळी हवी होती. तो तीन दिवस मला फोन लावत राहिला आणि तीनही दिवस फोन संपर्क क्षेत्राबाहेर. चौथ्या दिवशी मोटार बैलबंडीत टाकून तो स्वतः माझ्या दुकानी आला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, “भाऊ, तुमचा फोनच लागत नाही.” मला उत्तर सुचलं नाही. रात्री बसून मोटार भरली, पण चार दिवस गेले ते गेलेच.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्याला पोर्टिंग म्हणतात, हे मला माहीत होतं. ही सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर आली. २०२१ मध्ये मी एकदा प्रयत्नही केला होता. पण माझा रिचार्ज लहान होता, त्यात बाहेर जाणारे एसएमएसच नव्हते, आणि पोर्टिंगची सुरुवात तर एसएमएसनेच होते. मेसेज जाईना. दुकानदार म्हणाला, मोठा पॅक मारा. मी चिडून सोडून दिलं. पुढे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या कंपन्यांना बजावलं, की प्रीपेड ग्राहकाचा रिचार्ज कोणताही असो, पोर्टिंगचा मेसेज गेलाच पाहिजे. हे मला फार उशिरा कळलं. आज कोणी तुम्हाला ‘आधी मोठा पॅक मारा’ म्हटलं तर ऐकू नका.

जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी सिम बदललं. मी मात्र दर पाहिला नाही. नवं सिम घेतलेल्यांपैकी दोघातिघांना सोबत घेऊन वावरावावरांत फिरलो आणि कोणाचा फोन कुठे लागतो ते पाहिलं. पोर्ट करायचं असेल तर हे आधी करा. दुकानात उभं राहून रेंज पाहण्यात काही अर्थ नाही. तुमचं काम जिथे चालतं तिथे पाहा.

नोव्हेंबरात १९०० वर मेसेज टाकला. इंग्रजीत पोर्ट लिहायचं, जागा सोडायची, मग आपला नंबर. थोड्याच वेळात ८ अक्षरांचा कोड आला. त्याला यूपीसी म्हणतात. मी तो बिलबुकाच्या मागे लिहून ठेवला आणि कामाला लागलो. तेव्हा कापूस वेचणी चालू होती, इकडे गव्हाच्या ओलिताची घाई, आणि दुकानात सहा मोटारी पडलेल्या. आठवडाभराने नव्या कंपनीच्या दुकानात गेलो तर कोड संपलेला. तो चारच दिवस चालतो, आणि किती तारखेपर्यंत चालेल हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं. पुन्हा मेसेज, पुन्हा नवा कोड.

दुसरी अडचण नावाची. २००९ मध्ये सिम घेतलं तेव्हा माझ्याकडे धड कागद नव्हते, म्हणून ते बाबांच्या नावावर घेतलेलं. बाबांचं आधार, बँक, पीएम किसान, सगळं याच नंबरला जोडलेलं. नाव बदलायचं काम चालू असेल तर पोर्टची मागणी मान्य होत नाही. म्हणून नावाच्या भानगडीत पडलो नाही, बाबांनाच गाडीवर बसवून आर्णीला नेलं.

बाबांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. दुकानातल्या पोराने मशीन पुढे केली. अंगठा लागेना. पुसला, पुन्हा ठेवला, तरी नाही. पन्नास वर्षं कापूस वेचलेली बोटं, त्यांवर रेषा उरल्यात कुठे! बाबांनी हात सदऱ्याला पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “माह्या हातात आता काही नाही राह्यलं का रे?” पोरगं समजदार होतं. “काकाजी, मधलं बोट ठेवा, दाबू नका,” म्हणालं. मधलं बोट लागलं. मग फोटो काढायचा होता. डोळे मिचकवायला सांगितले, ते बाबांनी दोनदा नीट केलं.

नवं सिम हातात आलं, पण लगेच टाकायचं नसतं. एकाच सर्कलमधलं, म्हणजे फोन कंपन्यांच्या एकाच विभागातलं, पोर्टिंग तीन कामाच्या दिवसांत होतं. नागपूर, पुणे, गोवा एकाच सर्कलमध्ये येतात, फक्त मुंबईचं सर्कल वेगळं. दुसऱ्या सर्कलमध्ये जायचं असेल तर पाच कामाचे दिवस. तोवर जुनं सिम चालू ठेवायचं. जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस आणि पैसे मात्र बुडतात, म्हणून रिचार्ज संपत आला की मगच पोर्ट करावं.

त्या तीन दिवसांत मी एक काम केलं, ते सगळ्यांनी करावं. माझी सगळी गिऱ्हाइकं सिममध्ये साठवलेली होती, म्हणजे जुन्या सिमबरोबर तीही गेली असती. रात्री जेवण झालं की एकेक नाव फोनच्या मेमरीत उतरवत होतो. मी नावं मोटारीवरून लिहितो, ‘नाल्याजवळ ३ एचपी’, ‘निळी सबमर्सिबल’, ‘मामाजी, दोनदा जळाली’. वाचताना काही माणसं आता नाहीत हे लक्षात आलं. तेही नंबर मी उतरवले.

साळ्याने माझं पाहून पोर्ट करायचं ठरवलं, तर त्याचा फोन विहिरीत पडला. त्याच नंबरचं नवं सिम काढून आणलं, पण कोड मिळेना. सिम हरवलं किंवा खराब झालं म्हणून बदललं, तर सात दिवस कोड देत नाहीत. १ जुलै २०२४ पासूनचा हा नियम आहे. तुमचा नंबर फसवून दुसऱ्याने पळवू नये म्हणून तो केला आहे. साळा वैतागला होता, मला मात्र तो नियम पटतो. ज्या नंबरवर बाबांच्या बँकेचा ओटीपी येतो, तो दुसऱ्याच्या हाती गेला तर काय उरलं? कोडही म्हणूनच फोनवर कोणाला सांगू नका.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर फोनमधलं नेटवर्क गेलेलं. नवं सिम टाकलं. व्हॉट्सॲपला काही करावं लागलं नाही, ते होतं तसंच चालू राहिलं. मी थेट नाल्यापलीकडच्या वावरात गेलो, जिथे कधी फोन लागत नसे.

दहाच्या सुमारास तिथेच फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून एका बाईचा आवाज, मागे मोटारीचा गुरगुरता आवाज. “पेटीवर तुमचा नंबर लिहून हाये, म्हणून लावला. मोटार चालू होते पण पाणी नाही ओढत. काय करू?” मी म्हटलं, “ताई, आधी स्टार्टर बंद करा. तीनही फ्यूज पाहा. मी निघालोच.”