एक बटण पट्टीने दाबलेलं

शनिवारी रात्रशाळेचा पट निम्म्यावर येतो. कुणी गावी गेलेलं असतं, कुणाला ओव्हरटाइम लागलेला असतो. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मात्र नववी-दहावी मिळून एकवीस जण आले होते. मॅडम पिक्चर दाखवणार, ही बातमी दोन दिवस आधीच फुटली होती.

आमची शाळा नाशिकच्या सिडकोत भरते. दिवसा इमारत दुसऱ्यांची, संध्याकाळी साडेसहापासून आमची. मुलं अंबडच्या एमआयडीसीतून येतात, गॅरेजांतून, हॉटेलांच्या भटारखान्यांतून येतात. द्राक्षांच्या हंगामात काही मुली थेट पॅकहाउसवरून येतात. येताना हातपाय धुतलेले असतात, तरी मुलांच्या नखांत काळं राहतंच. मी त्यांना विज्ञान आणि इंग्रजी शिकवते.

पिक्चर होता केन लोच यांचा, १९६९ चा ‘केस’. फळ्यावर नाव लिहिलं तर सगळे डोक्याला हात लावून हसत सुटले. मग सांगितलं, हे पक्ष्याचं नाव आहे. केस्ट्रल म्हणजे लहान जातीचा ससाणा, त्याचं लाडकं नाव केस. यॉर्कशरमधल्या बार्न्सली या कोळशाच्या गावातला बिली कॅस्पर नावाचा पोरगा तो पाळतो. बाप घर सोडून गेलेला, मोठा भाऊ खाणीत, बिली शाळेआधी पेपर टाकतो. तिथे अकराव्या वर्षी एका परीक्षेने मुलांची वाटणी व्हायची. हुशार ठरलेले एका शाळेत, उरलेले दुसऱ्या. पंधराव्या वर्षी शाळा सोडता यायची, ती मर्यादा सोळावर गेली १९७२ मध्ये. म्हणजे बिलीसमोर सरळ खाणच होती.

हा पिक्चर मी बी.एड.च्या वर्षी पुण्यात पाहिला होता. तेव्हापासून मनात होतं की आपल्याला कधी वर्ग मिळाला तर त्या वर्गाला हा दाखवायचा. मुलांना इंग्रजी सबटायटल झेपणार नव्हती, म्हणून मी लॅपटॉपजवळ उभी राहून, थांबवत थांबवत मराठीत सांगत होते. बिलीची बोली लंडनच्या माणसालाही अवघड जाते, असं म्हटल्यावर सटाण्याकडचा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे ती तिकडची अहिराणी, मॅडम.” यापुढे बोलीबद्दल काही सांगायची गरज उरली नाही.

फुटबॉलच्या मॅचला वर्ग गडगडून हसला. छड्यांच्या प्रसंगातही आधी हसला. हेडमास्तर सिगरेट ओढणाऱ्या मुलांना हातावर छडी मारतात आणि नुसता निरोप घेऊन आलेल्या एका लहानग्यालाही त्याच रांगेत धरतात. तो सांगायला बघतो, त्याचं कुणी ऐकतच नाही. त्याच्या हातावर छडी बसली आणि वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही.

खरी गडबड उडाली ती लायब्ररीच्या प्रसंगाला. बिलीला ससाण्यावरचं पुस्तक हवं असतं. बाई म्हणते, फॉर्मवर पालकांची सही आण. शेवटी पोरगा दुकानातून पुस्तक चोरतो. इथे मी पिक्चर थांबवायच्या आधीच सगळे बोलायला लागले. प्रत्येकाकडे दाखल्याची एकेक कहाणी होती. सागर (नाव बदललं आहे) तर कधी न बोलणारा, तोही पुटपुटला, “माझा दाखला पाच महिने आणला नव्हता ना गावावरून.” कळवण तालुक्यातलं त्याचं गाव. शाळेने आईला तीनदा परत पाठवलं होतं. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला दाखल्यावाचून अडवता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. आठवी झाली की तो हात सुटतो, आणि ही मुलं नेमकी तिथेच निसटतात. आमच्या पटावरची बहुतेक नावं आठवीनंतरचीच आहेत.

मग तो प्रसंग आला, ज्यासाठी मी एवढी खटपट केली होती. वर्गावरचे एक सर मुलांना सांगतात, खरी घडलेली गोष्ट सांगा. बिली गप्प असतो. शेवटी नाइलाजाने उठतो आणि ससाण्याबद्दल बोलायला लागतो. पायात चामड्याच्या पट्ट्या कशा बांधायच्या, हातावर भरवायची सवय कशी लावायची, दोरीवाचून पहिल्यांदा सोडलं तेव्हा काय वाटलं. सर त्याला अवघड शब्द फळ्यावर लिहायला लावतात. मागच्या बाकावरच्या पोराकडून आख्खा वर्ग शिकतो.

मी पिक्चर थांबवला आणि म्हटलं, “आता तुमची पाळी. मला येत नाही आणि तुम्हाला येतं, असं काहीतरी सांगा.”

आधी कुणी उठेना. मग पॅकहाउसवर जाणारी एक मुलगी उभी राहिली. द्राक्षाचा घड देठालाच धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावरची पांढरी लव पुसली तर परदेशात जाणारा माल नापास होतो. कैचीने आतले बारके मणी काढायचे. खोक्यात सल्फरचा कागद घालायचा, म्हणजे बुरशी येत नाही. मी जन्मापासून नाशिकची, घड मण्याला धरूनच उचलत आले होते.

आणि मग सागर उठला. मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. सरळ फळ्याकडे आला, खडू घेतला आणि पावर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून त्याचे पीस काढणारं यंत्र, काढलं. बाजूला मोठं चाक, वर दाब देणारा रॅम, खाली डाय म्हणजे साचा. चाक सारखं फिरत असतं, बटण दाबलं की क्लच बसतो आणि रॅम खाली येतो. “एकदा क्लच बसला ना मॅडम, की मधे थांबतच नाही. खाली येणार, वर जाणार, मगच थांबणार.” पत्रा कसा सरकवायचा, डाय घासली की पीसला कशी बर, म्हणजे कडेची खरखरीत धार, सुटते, आवाजावरून बोल्ट ढिला झालेला कसा कळतो, सगळं सांगितलं. मुलं प्रश्न विचारत होती आणि एकही प्रश्न त्याला अडला नाही. आठ महिन्यांत त्याचा आवाज मी इतका ऐकला नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

शेवटी त्याने दोन गोल काढले, एकमेकांपासून लांब. “ही दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदमच दाबायची, म्हणजे हात आत राहत नाही. पण त्याने टाइम जातो. म्हणून एक बटण आम्ही पट्टीने दाबून ठेवतो. मग एका हाताने माल आत, दुसऱ्याने बटण. शिफ्टला अडीच हजार पीस निघतात माझे. पूर्ण लाइनीत जास्त.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण तो माझ्याकडेच बघत होता.

सागर हेल्पर आहे, झाडलोट आणि माल उचलायचं काम करतो, असं त्याच्या आईने प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. त्याचं वय पंधरा वर्षं चार महिने. ज्या यंत्राची मी टाळ्या वाजवून तारीफ केली, त्याच्यासमोर तो रोज आठ तास उभा होता, आणि हात वाचवायला बसवलेलं बटण पट्टीने बांधलेलं होतं. आमच्या पटावर तेव्हा उजव्या हाताला तीनच बोटं असलेला एक मुलगा होता. तो डाव्या हाताने लिहायला शिकत होता. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्याने.

पुढचा पिक्चर मी कसा समजावला, मला आठवत नाही. नोकरीची मुलाखत घेणारा अधिकारी बिलीला आवडीबद्दल घाईघाईत विचारतो आणि ससाण्यापर्यंत पोचतच नाही, हे सांगितलं असणार. भावाने घोड्यांवर लावायला दिलेले पैसे बिली लावत नाही, घोडे जिंकतात, भाऊ राग पक्ष्यावर काढतो. मेलेला केस बिलीला कचऱ्याच्या डब्यात सापडतो आणि तो त्याला पुरतो. पिक्चर तिथेच संपतो. दिवे लावले तरी कुणी उठलं नाही.

सागरने विचारलं, “मग सोमवारी तो कुठं गेला?”

पिक्चर ते सांगत नाही, म्हटलं. एवढं ठाऊक आहे की १९८४-८५ मध्ये तिथल्या खाणकामगारांनी वर्षभर संप केला, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत त्या भागातल्या खाणी बंद पडल्या.

“म्हणजे खाणीत गेला असता तरी गेलंच असतं काम.” तो दप्तर भरायला लागला.

गेटपाशी त्याला गाठलं. पट्टी काढ म्हटलं. तो म्हणाला, पट्टी सुपरवायझर लावतो. प्रेसवर नको जाऊस म्हटलं. हेल्परचा पगार कमी, खोलीचं भाडं आपल्या पैशातून जातं, आई इंदिरानगरला चार घरची धुणीभांडी करते. सगळं एकेका वाक्यात, माझ्याकडे न बघता. मग म्हणाला, “तुम्हीच म्हटलं ना, जे येतं ते सांगा.”

ती रात्र मी झोपले नाही. अठराच्या आतल्या मुलाला पुरतं शिक्षण किंवा जाणत्या माणसाची देखरेख असल्याशिवाय धोक्याच्या यंत्रावर उभं करता येत नाही, असं फॅक्टरी कायद्यात होतं. त्यात पावर प्रेस यायचा. शिवाय कामाला योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला लागायचा. हे सगळं मला त्या रात्री वाचून कळलं. आठ महिने तो माझ्यासमोर बसत होता आणि मी त्याला तरफेचे प्रकार शिकवत होते.

सोमवारी मुख्याध्यापक आणि मी त्या वर्कशॉपवर गेलो. ठेकेदाराने कागद दाखवला, त्यावर सागर एकोणीस वर्षांचा होता. आम्ही शाळेचा दाखला समोर ठेवला आणि म्हटलं, आजच्या आज मुलाला प्रेसवरून काढा आणि पट्ट्या सोडा, नाहीतर इथूनच १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावतो. सागरला पॅकिंगला टाकलं. पट्ट्या आमच्यासमोर सोडल्या, आमच्या पाठीमागे परत बांधल्या नसतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही. बाकीच्या हातांसाठी फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात लेखी अर्ज दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे. सागरचा पगार मात्र खरोखरच कमी झाला. त्याची आई शाळेत आली, रडली नाही, भांडली. महिन्याची तूट तिने मला रुपयांत सांगितली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुख्याध्यापकांनी ओळखीतून तिला आणखी दोन घरं मिळवून दिली.

अकरा दिवस सागर शाळेत आला नाही. मी रोज हजेरीत त्याचं नाव घ्यायचे आणि मुलं खाली बघायची.

बाराव्या दिवशी आला, मागच्या बाकावर बसला. नमस्कार नाही, काही नाही. मी फळ्यावर कप्पी काढत होते. दोन चाकं, मधे पट्टा, चाकं कुठल्या दिशेला फिरतात ते दाखवणारे बाण.

“मॅडम,” मागून आवाज आला, “दुसऱ्या चाकाचा बाण उलटा काढला. पट्ट्याला पीळ नसला तर दोन्ही एकाच बाजूला फिरतात.”

मी खडू पुढे केला. तो उठून आला.