भातराखणीसाठी घरी बांधलेला ट्रेलर : माझा अनुभव

आमचं शेत खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं, जंगलाला लागून. भात पोटरीला आलं की गवे उतरतात. रानडुकरं तर रोजचीच. गणपती झाल्यापासून कापणी होईपर्यंत रात्री कुणीतरी राखणीला असावंच लागतं. आमच्या घरात ते कुणीतरी म्हणजे माझे थोरले काका, आण्णा. चार खांबांवर माळा बांधायचा, वर गवताचं छप्पर घालायचं, रात्रभर पत्र्याचा डबा वाजवायचा आणि आरोळ्या द्यायच्या. परवाच्या हंगामात त्यांचे गुडघे गेले. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ते थांबले आणि खाली माझ्याकडं बघून म्हणाले, "आता ह्या शिडीचं जमत न्हाई बघ." आण्णांच्या तोंडून 'जमत नाही' हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी बेळगावात अनगोळला राहतो आणि उद्यमबागेत टर्नर आहे. गेली अठरा वर्षं लेथवर उभा आहे. लोक डोंगरात ओढून नेतात तसला कॅम्पिंग ट्रेलर घरी बांधायचं माझ्या मनात बरीच वर्षं होतं. आण्णांचं बोलणं ऐकल्यावर तो कुणासाठी आणि कसा बांधायचा, ते ठरलं. एका माणसाला कोरड्यात झोपता येईल, बसल्या जागी भात दिसेल आणि ट्रॅक्टरनं ओढून चिखलातून बांधापर्यंत नेता येईल अशी चाकावरची खोली.

लोखंड आणण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारून आलो. बांधायच्या विचारात असलेल्या प्रत्येकानं हे आधी करावं, म्हणून सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 39 प्रमाणं नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि ट्रेलरलाही ते लागू आहे. घरी बांधलेल्याची नोंदणी करायची तर आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य चाचणी संस्थेची मंजुरी हवी. एकट्या ट्रेलरसाठी ते मला झेपणारं नव्हतं. म्हणून ठरवलं, हा रस्त्यावर चालवायचा नाही. शेतापर्यंत 407 टेम्पोतून न्यायचा आणि पुढं फक्त आमच्याच रानात ओढायचा. त्यामुळं मापं आपोआप ठरली. टेम्पोच्या हौद्यात बसायला हवा म्हणून चाकांसकट रुंदी साडेपाच फूट, आणि पुढचा दांडा बोल्ट काढून सुटा होणारा.

खळ्यापासून खालच्या खाचरापर्यंत आमची वाट सातशे मीटरची. मध्ये एक ओढा, दोन बांध, आणि तांबड्या मातीतून वर आलेले जांभ्याचे दगड. पाडव्याच्या सुट्टीत मी टेप घेऊन त्या वाटेवर बसलो आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकोऱ्या मोजल्या. मध्यापासून मध्यापर्यंत पाच फूट. ट्रेलरच्या चाकांत तेवढंच अंतर ठेवलं, कारण ओढणाऱ्याच्या चाकोरीत न बसणारं चाक चिखलात स्वतःची नवी चाकोरी कापत जातं आणि ट्रॅक्टरचा जीव काढतं. बेळगाव लष्करी छावणीचं गाव. जीपमागं ओढायच्या पाव टनी लष्करी ट्रेलरबद्दल इथल्या जुन्या मेकॅनिकांकडून मी लहानपणापासून ऐकत आलोय. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या ट्रेलरला चाकं जीपचीच असत, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालायची. घरी जुनी जीप आहेच, म्हणून मीही तिच्याच मापाची 6.00-16 ची चाकं घेतली आणि हब भंगारातून आणले.

अॅक्सल मी स्वतः केला. ईएन-8 पोलादाचा 50 मिलिमीटर चौकोनी बार, दोन्ही टोकांना स्पिंडल, म्हणजे चाकाचं बेअरिंग बसतं ती गोल टोकं, टर्न केले. इथं मायक्रोमीटरला दया नसते. बेअरिंगची बैठक थोडी ढिली राहिली तर आतली रिंग स्पिंडलवरच फिरायला लागते आणि तो खाऊन टाकते. टेपर रोलर बेअरिंग बसवताना चाक हातानं फिरवत नट आवळायचा, चाक जड लागलं की थोडा मागं घ्यायचा, मग स्प्लिट पिन घालायची. चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखड नको, आणि फिरवलं तर अडखळ नको. ही हातातली जाण आहे. ती मला ज्यांनी दिली ते माझे पहिले उस्ताद आज हयात नाहीत. नट मागं घेताना त्यांची आठवण येतेच.

पाटे, म्हणजे पोलादी पानांचे स्प्रिंग, अॅक्सलच्या खालून बांधले. आण्णांना चढावं लागू नये, खाटेवर बसतात तसं दारात बसून पाय आत घेता यावेत, म्हणून मजला जमिनीपासून 20 इंचांवर हवा होता. पाटे अॅक्सलच्या वर ठेवले असते तर उंची आणखी काही इंचांनी वाढली असती.

चासी 50 बाय 50 च्या, तीन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपची. वेल्डिंगला शेजारच्या गल्लीतला माझा मित्र आला. तो घरात कन्नड बोलतो, माझ्याशी मराठी, आणि काम रंगात आलं की दोन्ही. मी उत्साहानं एका बाजूचे सांधे सलग ओढत सुटलो होतो. तो दोनदा म्हणाला, "स्वल्प तडी." जरा थांब. मी थांबलो नाही. चौकट थंड झाल्यावर कर्ण मोजले तर 9 मिलिमीटरचा फरक. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि ज्या बाजूला जास्त भरलंय त्या बाजूला लोखंड ओढून घेतं. दोन सांधे ग्राइंडरनं कापले, चौकट पुन्हा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणली, सगळीकडं आधी फक्त वेल्डिंगचे छोटे टाके मारले, कर्ण जुळवले आणि मग समोरासमोरच्या सांध्यांना आलटून पालटून थोडं थोडं भरत गेलो. त्यात एक अख्खा रविवार गेला, पण चाकं सरळ धावतात ती त्या रविवारामुळं.

वरची खोली मानानं सोपी. प्लायचा शीट आठ बाय चारचा येतो, म्हणून जमीन साडेसात बाय चार फूट, एकाच शीटमधून, आयएस 710 चा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. एक इंची पाइपचा सांगाडा, मध्ये थर्माकोल, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा पॉप रिव्हेटनं ठोकला. बारा व्होल्टची बॅटरी, 50 वॅटचं सोलर पॅनेल, दोन एलईडी, मोबाइलचा पॉइंट. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घातला, कारण माणूस झोपलेल्या खोलीत बिनफ्यूजची वायर नको.

वजनाकडं मात्र बारीक लक्ष दिलं. दांड्याच्या टोकाशी एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा. आडत दुकानातून पोती मोजायचा काटा आणून दांड्याखाली ठेवला, तर अवघे 16 किलो. पाण्याची 40 लिटरची टाकी मी मागं बसवली होती. ती अॅक्सलच्या पुढं आणली आणि काटा 50 वर गेला. टेम्पो आधी रिकामा आणि मग भरून वजनकाट्यावर नेला, तेव्हा ट्रेलर 420 किलो निघाला. म्हणजे बारा टक्के. पुढचा भार कमी राहिला तर चढावर दांडा उचलला जातो आणि दर खड्ड्याला जोडणीच्या पिनेवर ठोके बसतात. चार कोपऱ्यांना जमिनीला टेकणारे पायही केले. ट्रॅक्टर सोडल्यावर कुणी मागच्या कडेला बसलं तर पुढची बाजू उचलते, आणि त्या कडेला आण्णाच बसणार होते.

खंडेनवमीला कारखान्यातल्या लेथबरोबर ट्रेलरलाही झेंडूचा हार घातला आणि दसऱ्यानंतर तो गावी नेला. वाटेवर पहिल्यांदा ओढला तेव्हा जीव गोळा झाला. पाटे पिकअपचे होते, सात-सात पानांचे. 420 किलोला ते दबतच नव्हते. प्रत्येक दगडावर ट्रेलर उडत होता. ओढा ओलांडेपर्यंत मागच्या झाकणाचं बिजागर तुटलं. त्याच दुपारी खळ्यात दोन्ही बाजूंची तीन-तीन पानं काढली आणि टायरची हवा 20 पौंडांवर आणली. दुसऱ्या खेपेला भरलेली कळशी आत ठेवली आणि ती न सांडता बांधापर्यंत गेली. एवढी मऊ चाल मी त्या वाटेवर कुठल्याच गाडीची पाहिली नव्हती.

पहिल्या रात्री मी आणि आण्णा दोघंही आत झोपलो. पहाटे कपाळावर थेंब पडला. छत गळतंय असं वाटून मी बॅटरी मारली. बाहेर पाऊस नव्हता. थेंब छतभर नव्हते. सरळ रेघांत होते, एकाशेजारी एक, मण्यांची माळ ओवल्यासारखे, बरोबर जिथं आतून पाइप गेलाय तिथं. थर्माकोल पाइपांच्या मध्ये होता, पाइपांवर नव्हता. बाहेरच्या थंडीनं लोखंड गार झालेलं, आणि दोन माणसांचा रात्रभराचा श्वास त्यावर पाणी होऊन जमलेला. मी दार-खिडक्या रबर लावून घट्ट केल्या होत्या, त्यामुळं दमट हवेला जायला वाटच नव्हती. पुढच्या शनिवारी पाइपांवरून आतल्या बाजूनं फोमची पट्टी चिकटवली, आणि दोन जाळीची भोकं पाडली, एक दाराजवळ खाली, एक समोरच्या भिंतीत छताला लागून. त्यानंतर छत कोरडं आहे.

या सगळ्याला सहा महिन्यांचे रविवार आणि साधारण 70 हजार रुपये लागले. त्यातले निम्म्याहून जास्त अॅक्सल, पाटे आणि चासीत गेले, आणि ते मला योग्य वाटतं. हत्ती आल्याची बातमी असली की मात्र ट्रेलर खळ्यातच राहतो आणि आण्णा घरी झोपतात. पत्र्याची भिंत हत्तीपुढं काहीच नाही, याची आठवण मी त्यांना दरवेळी करून देतो.

आण्णांनी एकच बदल सांगितला. खिडकी मी बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशी केली होती. ते म्हणाले, "खाली घे की रे, उशीला. गवा दिसायच्या आधी ऐकू येतोय." मी पत्रा कापला आणि उशीच्या उंचीवर एक फूट बाय आठ इंचांची सरकती खिडकी बसवली. आता ते खाचराकडं कान करून झोपतात. परवाच्या रात्री त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि खिडकी दोन बोटं सरकवली. आधी काहीच कळलं नाही. मग पाण्यातून खूर काढताना होतो तसा आवाज आला, एकदा, पुन्हा एकदा. आण्णांनी उशाचा डबा हातात घेतला.