माहितीपट बघून काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पर्यावरणावरचे माहितीपट मी स्वतः बघते आणि चार लोकांना आग्रहाने दाखवते, त्यामुळे हा प्रश्न ठरलेलाच असतो: "बघून जीव हळहळतो हो, पण मी एकटीने कापडी पिशवी वापरून असं काय होणार?"

मला वाटतं, जी फिल्म संपल्यावर नुसती स्वतःची लाज वाटते, ती अर्ध्यावरच थांबलेली असते. वस्तू आपल्या हातात येण्याआधी तिचं भवितव्य कोणी ठरवलं, तेही फिल्मने दाखवायला हवं.

म्हणून मी आधी 'द लाइट बल्ब कॉन्स्पिरसी' बघायला सांगते. कोझिमा डानोरित्झर यांची ही २०१०ची फिल्म. १९२४ साली बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी 'फीबस' नावाचा संघ केला. तेव्हाचे बल्ब दीड-दोन हजार तास चालायचे, ते हजार तासांवर आणायचं ठरलं. आणि नुसतं ठरलं नाही. कारखान्यांतून नमुने मागवून तपासले जात, आणि ज्याचे बल्ब जास्त टिकतील त्या सभासदाला दंड होई. चांगला माल काढला म्हणून दंड! मला हे अजूनही पचत नाही.

त्याच फिल्ममध्ये एका माणसाचा प्रिंटर अचानक बंद पडतो. जिथे नेईल तिथे एकच उत्तर: दुरुस्तीपेक्षा नवा घ्या, स्वस्त पडेल. तो हटून बसतो, शोधत राहतो. तेव्हा कळतं की आतली एक चिप छपाई मोजत असते आणि ठरावीक आकडा आला की काम थांबवते. मोजणी शून्यावर आणणारं सॉफ्टवेअर त्याला इंटरनेटवर मिळतं आणि तोच प्रिंटर पुन्हा छापू लागतो.

हे बघितलं की प्रश्न फक्त आपल्या हावरेपणाचा उरत नाही. तो हावरेपणा आहेच, नाही असं नाही. पण नियमही बदलता येतात. फ्रान्सने २०१५मध्ये वस्तूचं आयुष्य मुद्दाम कमी करणं गुन्हा ठरवलं. २०२१मध्ये तिथे मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर त्या किती दुरुस्त करता येतात याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, हे सगळं त्यात धरलं होतं.

मात्र माहितीपट म्हणजे वेदवाक्य नव्हे. 'काउस्पिरसी' या २०१४च्या फिल्ममध्ये ५१ टक्के हरितगृह वायू पशुपालनातून येतात असं सांगितलंय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१३चा आकडा होता १४.५ टक्के. हाही काही लहान नाही! मग फुगवायचं कशाला? आकडा चुकीचा निघाला की बघणारा मूळ मुद्दाही झटकून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून अशा जागी मी फिल्म थांबवते आणि दोन्ही आकडे सांगते. रसभंग होतो अशी काहींची तक्रार असते. असू दे, मी थांबवणारच.