विल्यम कॉनरॅड : आवाजाने उभा केलेला मार्शल

१९२० साली केंटकीतील लुईव्हिल येथे जन्मलेले अमेरिकन अभिनेते विल्यम कॉनरॅड दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिक होते. १९४६ च्या ‘द किलर्स’मध्ये त्यांनी भाडोत्री मारेकऱ्याची भूमिका केली आणि पुढे चित्रपटांत बहुधा अशीच कठोर पात्रे त्यांच्या वाट्याला आली.

त्यांचे खरे सामर्थ्य मात्र रेडिओवर प्रकटले. १९५२ ते १९६१ या काळात सीबीएस या अमेरिकन प्रसारण-जाळ्यावरील ‘गनस्मोक’ या मालिकेत डॉज सिटी या गावाचा मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, मॅट डिलन त्यांनी केवळ आवाजातून उभा केला. जुनी ध्वनिमुद्रणे ऐकताना मला सर्वाधिक भिडतो तो त्या खर्जातला थकवा, कारण बंदूक चालवावी लागल्याचे दुःख त्यात स्पष्ट जाणवते.

१९५५ मध्ये ही मालिका दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा मार्शलची भूमिका उंचपुऱ्या जेम्स आर्नेस यांना मिळाली. आर्नेस यांनी ती उत्तम निभावली, तरीही निवड करताना कॉनरॅड यांच्या स्थूल देहापुढे कॉनरॅड यांचाच अभिनय गौण ठरावा, हे मला आजही अन्यायाचे वाटते. पुढे ‘द फ्युजिटिव्ह’ या दूरचित्रवाणी मालिकेचे निवेदन कॉनरॅड यांनीच केले, आणि १९७१ मध्ये ‘कॅनन’ या मालिकेत त्यांनी साकारलेला, त्याच देहयष्टीचा खासगी गुप्तहेर नायक म्हणून पडद्यावर आला.